भीड आणि यंत्र

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत मागें टाकून खुटबावच्या लहानशा स्थानकावर क्षणभर उभी राहते. तेथें उतरतांना शहरांतील प्राध्यापकाची विद्वत्ता गाडींतच राहून जाते, असा माझा नेहमींचा अनुभव आहे. गांवांत मला तत्त्वज्ञानाचा अध्यापक म्हणून कोणी ओळखीत नाहीं. अमक्याचा मुलगा आणि तमक्याचा मामा, एवढीच माझी तेथील पदवी. गेल्या दिवाळींत असाच गांवीं गेलों असतां एक प्रश्न माझ्या पदरीं पडला. प्रश्न हिशेबाचा होता. पण विचार करूं लागल्यावर तो नीतीचा निघाला. वाचकांनाही त्यांत कांहीं घेण्यासारखें वाटेल, अशा आशेनें तो येथें मांडीत आहें.

माझा भाचा पुण्यांतील एका मोठ्या कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागांत काम करतो. अंतर्गत लेखापरीक्षण म्हणजे बाहेरचा तपासनीस वर्षाअखेर ताळेबंद पाहावयास येण्यापूर्वी संस्थेनें आपल्याच घरांत बारा महिने ठेवलेली जागल. कोठें गळती आहे, कोठें लबाडीला वाव आहे, कोणता व्यवहार उद्यां अंगावर येईल, हें आधीं हेरून चालकांच्या कानावर घालणें हें तिचें काम. ओसरीवर बसून तो सांगत होता, "मामा, पूर्वीं आम्ही हजार पावत्यांतून पन्नास काढून पाहत होतों आणि त्यांवरून बाकीच्यांची परीक्षा करीत होतों. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र हजारच्या हजार पाहतें. कोणत्या व्यवहारांत किती जोखीम, याचे गुणही तेंच देतें. एकाच बिलाचे पैसे दोनदां गेले, मंजुरीची मर्यादा दहा लाखांची असतां कोणी नऊ लाख नव्याण्णव हजारांचीं बिलें पाडलीं, पुरवठादाराचा आणि आमच्याच नोकराचा खातेक्रमांक एक निघाला, तर तें सारें क्षणांत पुढें येतें."

ओसरीच्या कडेला तात्या बसले होते. शेजारच्या एका गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीचे ते तीस वर्षें सचिव होते. कीर्द-खतावणी लिहिण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्यांनीं सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या यंत्राला कुणाची भीड पडते का रे ?"

"नाहीं, तात्या."

"मग चांगलें आहे. आणि कुणी समजावून सांगितलेलें त्याला पटतें का ?"

भाचा जरा घुटमळला. "तें आम्हांलाच पाहावें लागतें," तो म्हणाला.

तात्या पुढें कांहीं बोलले नाहींत. पण त्यांच्या त्या दोन प्रश्नांत या विषयाचें सारें सार आलें आहे, असें मला तेव्हांपासून वाटत आहे.

आधीं भिडेचा विचार करूं. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु भीड म्हणजे नेमकें काय, हें सांगूं गेलें तर अवघड जातें. ती भीति नव्हे; कारण भिणारा माणूस आपण भितों हें जाणतो. ती आदरही नव्हे. कारण ज्याची भीड पडते त्याच्याविषयीं मनांत आदर असतोच असें नाहीं. एका पंगतीला आपल्याबरोबर बसलेला, मुलीच्या लग्नाला आलेला, उद्यां बढतीच्या कागदावर सही करणारा, अशा माणसाच्या तोंडावर अप्रिय सत्य सांगतांना ज्या कारणानें जीभ जड होते, तें कारण म्हणजे भीड. हिशेबतपासनिसाच्या धंद्यांत हा दोष जन्मतःच आहे. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्याच तिजोरींतून त्याचें वेतन येतें. आणि अंतर्गत लेखापरीक्षक तर त्याच कचेरींत, त्याच लोकांबरोबर दुपारचा डबा उघडतो.

इंग्लंडांतील न्यायालयापुढें १८९६ सालीं किंग्स्टन कापूस गिरणीचें प्रसिद्ध प्रकरण आलें. त्या गिरणींत शिल्लक मालाचा आकडा व्यवस्थापक वर्षानुवर्षें फुगवून देत असे आणि लेखापरीक्षक त्याच्या दाखल्यावर विसंबून ताळेबंदावर सही करीत. लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशी उपमा देऊन न्यायमूर्ति लोप्स यांनीं त्यांना दोषमुक्त ठरविलें. कायद्यापुरता तो निकाल असेल. नीतीच्या दृष्टीनें प्रश्न तेथेंच राहिला. दाखला देणाऱ्यावरील विश्वास कोठें संपतो आणि त्याची भीड कोठें सुरू होते, हें सही करणाऱ्याला स्वतःलाही पुष्कळदां सांगतां येत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां यंत्राचा लाभ लहान नाहीं. एकनाथांची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दफ्तराचा हिशेब पाहतांना एका पैची चूक लागेना, म्हणून ते रात्रभर दिव्यापाशीं बसले आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजवून उठले. असा पैसाठीं जागणारा हिशेबनीस शंभरांत एक मिळेल. उरलेल्या नव्याण्णवांना झोंप येते, कंटाळा येतो, घरीं जाण्याची घाई असते. यंत्राला यांपैकीं कांहींच नाहीं. शिवाय माणसाच्या ध्यानीं न येणाऱ्या खुणा त्याला दिसतात. लॉगॅरिथमच्या कोष्टकांचीं पहिलीं पानें शेवटच्या पानांपेक्षां अधिक मळतात, हें सायमन न्यूकम या अमेरिकन ज्योतिषशास्त्रज्ञानें १८८१ सालीं टिपलें होतें. फ्रँक बेनफर्ड यानें १९३८ सालीं तोच नियम पुष्कळ आकड्यांवर ताडून पाहिला. सहज रीतीनें जमलेल्या विविध रकमांत १ या अंकानें सुरू होणाऱ्या रकमा शेकडा तीस भरतात आणि ९ नें सुरू होणाऱ्या पांचांहूनही कमी. मनानें आकडे रचणाऱ्याला हें प्रमाण साधत नाहीं. लाखों नोंदींत तें कोठें बिघडलें आहे, हें यंत्र पाहतां पाहतां दाखवितें. आणि बिघाड चेअरमनच्या खात्यांत आहे कीं शिपायाच्या, याची त्याला पर्वा नसते.

तर मग तात्यांच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला, असें कोणी म्हणेल. यंत्राला भीड नाहीं, म्हणून तें निर्भीड आहे. येथेंच मला थांबावेंसें वाटतें. निर्भीड कोणाला म्हणावें ? ज्याला भीड पडूं शकते, ज्याचें कांहीं बुडूं शकतें, आणि तरीही जो बोलतो, त्याला. दगडाला आपण निर्भय म्हणत नाहीं. यंत्र भीडशून्य आहे; निर्भीड नाहीं. हा शब्दांचा खेळ नव्हे. अलीकडे मुंबईंत बँकांचीं जीं मोठीं प्रकरणें घडलीं आणि ज्यांची झळ महाराष्ट्रांतील सामान्य ठेवीदारांना लागली, त्यांकडे पाहिलें म्हणजे हा भेद किती व्यवहारांतला आहे, हें दिसून येतें.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपयेच काढतां येतील, असा पहिला हुकूम होता. दवाखान्याचे, शिक्षणाचे, लग्नाचे पैसे त्या बँकेंत ठेवलेल्या कुटुंबांची काय अवस्था झाली, तें आपण सर्वांनीं पाहिलें. सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जापैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश, एकाच गृहबांधणी उद्योगसमूहाकडे गेले होते. आणि त्या समूहाशीं संबंधित ४४ खातीं झांकण्यासाठीं २१,०४९ बनावट खात्यांची यादी रिझर्व्ह बँकेला दाखविली होती. हीं खातीं बँकेच्या संगणकांतील मूळ हिशेबांत नव्हतींच. तीं दाखवावयाच्या यादींत होतीं. यंत्र असतें तर यादी आणि मूळ खातीं यांतला फरक त्यानें तत्काळ पुढें आणला असता, हें मी मोकळेपणानें मान्य करतों. पण ज्यांनीं यादी रचली त्यांना तो फरक ठाऊकच होता. प्रकरण बाहेर आलें तें, त्या वेळच्या बातम्यांप्रमाणें, बँकेच्याच कर्जविभागांतील कांहीं महिला कर्मचाऱ्यांनीं रिझर्व्ह बँकेपाशीं तोंड उघडलें म्हणून. त्यांच्यापाशीं यंत्र नव्हतें; नोकरी मात्र होती, आणि ती पणाला लागलेली होती.

पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचें प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्यें जाहीर झालें. तेरा हजार कोटींहून अधिक रकमेची ती फसवणूक. तेथें परदेशांतील बँकांना हमीपत्रें ज्या संदेशयंत्रणेवरून जात होतीं, ती बँकेच्या मुख्य हिशेबाला जोडलेलीच नव्हती. जें हिशेबांत उतरलेंच नाहीं, तें हिशेब वाचणाऱ्या यंत्राला कोठून दिसणार ? संबंधित अधिकारी निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्यें, त्या शाखेंत हमीपत्रासाठीं पूर्ण रोख तारण मागण्यांत आलें. पूर्वीं आमच्याकडे असें कधीं मागितलें नव्हतें, असें उत्तर आलें. आणि 'पूर्वीं' म्हणजे केव्हां, याचा शोध घेतां घेतां सारें उकललें. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेंत फेब्रुवारी २०२५ मध्यें तिजोरींतील १२२ कोटी रुपये नाहींसे झाल्याचें आढळलें, तें तर रोकड प्रत्यक्ष मोजली म्हणून. एकीकडे कोणी बोललें, दुसरीकडे कोणी विचारलें, तिसरीकडे कोणी मोजलें. तिन्ही कामें जुनीं, साधीं आणि माणसाचीं आहेत.

यावर माझा भाचा म्हणेल, आणि तो खोटें म्हणणार नाहीं, कीं माणसांनीं हीं कामें नीट केलीं असतीं तर यंत्राची गरज कशाला पडली असती ? वर्षानुवर्षें सह्या माणसेंच करीत होतीं. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मला यंत्र नको आहे, असें नव्हे. मला भय वाटतें तें निराळ्या गोष्टीचें. यंत्राच्या नजरेला मर्यादा कोण घालून देतो ? किती रुपयांच्या पुढील व्यवहार पुढें आणावा, कोणत्या खात्याला तपासणींतून वगळावें, किती गुणांच्या वर धोक्याची खूण लावावी, हें ठरविणारीं माणसेंच असतात. आणि यंत्र विकत घेणारे चालक तेच, ज्यांच्यावर तें नजर ठेवणार. पूर्वीं भीड तपासनिसाच्या जिभेवर बसत असे. आतां ती या मर्यादांच्या आंकड्यांत जाऊन बसूं शकेल, आणि तेथें ती कोणाला दिसणारही नाहीं. पूर्वीं भिडस्त तपासनीस निदान रात्रीं अंथरुणावर तळमळत असे. उद्यां तो शांतपणें म्हणेल, "यंत्रानें कांहीं दाखविलें नाहीं." भिडेला याहून सोयीचा आडोसा आजवर मिळाला नव्हता.

आपला कायदा या बाबतींत आपल्या समजुतीपेक्षां शहाणा आहे. सहकारी संस्थेच्या हिशेबांत गैरव्यवहार आढळला तर निबंधकाकडे विशेष अहवाल पाठविणें आणि त्याच्या लेखी परवानगीनें फिर्याद नोंदविणें, हें कर्तव्य महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमानें लेखापरीक्षकावरच टाकलें आहे. म्हणजे पाहणें एवढ्यानें त्याचें काम संपत नाहीं; पाहिलेलें आपल्या नांवानिशीं सांगणें हें त्याचें काम आहे. फिर्याद देणाऱ्याला नांव असावें लागतें, पत्ता असावा लागतो, उलटतपासणीला उभें राहण्याची छाती असावी लागते. यंत्रापाशीं यांतलें कांहीं नाहीं, आणि तें देतांही येणार नाहीं.

आतां तात्यांचा दुसरा प्रश्न : समजावून सांगितलेलें त्याला पटतें का ? त्या रात्रीं जेवणें झाल्यावर तात्यांनीं स्वतःची एक गोष्ट सांगितली. एका वर्षीं मृगाचा पाऊस अचानक आला. गोदामांत खताच्या गोणी होत्या. चेअरमन बाहेरगांवीं गेलेले, कमिटीची सभा व्हावयास आठ दिवस लागणार. वाफसा कांहीं सभेसाठीं थांबत नाहीं. तात्यांनीं अकरा शेतकऱ्यांना रात्रीं कंदिलाच्या उजेडांत गोणी दिल्या, एका वहींत अंगठे-सह्या घेतल्या आणि ठराव झाल्यावर कीर्दींत नोंदी केल्या. तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकाला मालाच्या रजिस्टरांतील आणि कीर्दींतील तारखांचा मेळ बसेना. त्यानें तात्यांना विचारलें. तात्यांनीं ती वही पुढें ठेवली. तो गृहस्थ दोन शेतकऱ्यांच्या घरीं स्वतः जाऊन आला आणि त्यानें आपल्या अहवालांत, मंजुरीपूर्वीं माल दिल्याचा दोष नमूद केला. "दोष लिहिला," तात्या म्हणाले, "पण चोर लिहिलें नाहीं."

या एका वाक्यांत लेखापरीक्षणाची नीति आली. तारखांतली विसंगति यंत्रानेंही दाखविली असती, आणि तें योग्यच झालें असतें. परंतु यंत्राला विसंगति कळते. हेतु कळत नाहीं. नेहमींच्या चालीहून वेगळें तें संशयास्पद, हा त्याच्या विचाराचा पाया. प्रामाणिक माणूस मात्र अडचणीच्या वेळीं चाल सोडतो, आणि मुरलेला लबाड ती कधीं सोडीत नाहीं. म्हणून यंत्रानें दिलेले जोखमीचे गुण हा प्रश्न समजावा, उत्तर समजूं नये. शंभरांपैकीं नव्वद गुण म्हणजे 'या माणसाला विचारा' एवढाच अर्थ. 'हा माणूस धोक्याचा' असा अर्थ आपण करूं लागलों कीं विचारण्याचें कष्ट वांचतात, आणि त्या कष्टांबरोबर न्यायही वांचतो, म्हणजे होतच नाहीं.

ज्याचें माप घेतलें जातें त्याला तराजू पाहावयास मिळाला पाहिजे, हा धडा आमच्या या टापूला तरी नवा नाहीं. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला. तेथून तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. आश्चर्य हें कीं उठावणी करणाऱ्यांचा रोख जिवावर फारसा नव्हता. तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद त्यांनीं मागून घेतले आणि जाळले. सारा, मंदी, व्याज अशीं त्याचीं कारणें पुष्कळ होतीं. पण आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचा राग शेवटीं लिहिलेल्या कागदावरच निघतो. पुढें १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टानें शेतकऱ्याला पैशाची पावती, सालोसालचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. त्या कायद्यानें सावकारी संपली नाहीं. तरी हिशेब हा दोघांचा असतो, एकट्या लिहिणाऱ्याचा नसतो, हें तत्त्व त्यानें मान्य केलें.

आज तोच प्रश्न नव्या वेषांत दारीं येत आहे. गांवोगांवच्या प्राथमिक कृषि पतसंस्थांचें संगणकीकरण करण्याची योजना केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं मंजूर केली. आरंभीं ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांचा खर्च तींत धरला होता. सर्व संस्थांचे जमाखर्च एका साच्यांत आल्यावर ते यंत्रानें तपासावयास फार काळ लागणार नाहीं. आणि तेंच यंत्र उद्यां कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्यालाही गुण देईल. दुष्काळी वर्षांत ज्याचा हप्ता थकला त्याला कमी गुण कां मिळाले, हें त्याला कोण सांगणार ? सचिवाला विचारावें तर तो यंत्राकडे बोट दाखवील. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या समितीनें ऑगस्ट २०२५ मध्यें वित्तव्यवहारांतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं जीं सात तत्त्वें सांगितलीं, त्यांत उत्तरदायित्व आणि समजण्याजोगी रचना हीं दोन आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तत्त्व कागदावरून सोसायटीच्या टेबलापर्यंत येतें कीं नाहीं, तें मात्र टेबलामागच्या माणसावर अवलंबून राहील.

माझें म्हणणें म्हणून इतकेंच आहे. यंत्रानें सगळें पाहावें. त्याच्याइतकें आपल्याला पाहतां येणार नाहीं. त्याच्या नजरेच्या मर्यादा ज्यांचा हिशेब तपासावयाचा त्यांनीं ठरवूं नयेत, आणि त्या कोणीं ठरविल्या हें लिहिलेलें असावें. यंत्रानें बोट दाखविलें कीं माणसानें उठून जावें, विचारावें, मोजावें, ऐकून घ्यावें. आणि निर्णयाखालीं एका माणसाची सही असावी, जिच्याविषयीं त्याला पुढें विचारतां येईल.

दुसऱ्या दिवशीं स्थानकावर सोडावयास तात्या आले होते. गाडीला अवकाश होता. मीं सहज विचारलें, "तात्या, तुम्हांला कधीं कुणाची भीड पडली का ?"

ते बराच वेळ रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पडली. एका वर्षीं एका बड्या माणसाचें कर्ज नवें-जुनें केलें होतें. पैसा आलाच नव्हता. कागदावर जुनें फेडलें आणि कागदावरच नवें दिलें. मला कळत होतें. त्याचे माझ्यावर उपकार होते. मीं सही केली." थोड्या वेळानें ते म्हणाले, "तपासणींत तें निघालें नाहीं. पण तें पान कोणतें, तें मला अजून सांगतां येईल."

गाडी आली. भाचा खिडकीपाशीं बसून आपल्या कामांत गढून गेला. मला मात्र महाविद्यालयाच्या समित्यांवर बसून, वेळ नाहीं म्हणून आणि समोरचे गृहस्थ परिचयाचे म्हणून, न वाचतां केलेल्या माझ्याच सह्या आठवूं लागल्या. लोणी येईपर्यंत मीं तीन मोजल्या होत्या.